लेक ऑबर्नची, व्याही टस्कलूसाचे: साडी कुठल्या रंगाची नेसू?

येवल्याची_मावशी

नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट वाटेल, पण घरात कुणी धड उत्तर देत नाही म्हणून इथे विचारते.

माझी लेक अलाबामात ऑबर्नला पीएचडी करते, चौथं वर्ष. तिचं लग्न तिथल्याच मुलाशी ठरलंय. मुलगा टस्कलूसाचा. तो, त्याचे आईवडील, आजोबा, मोठी बहीण, सगळं खानदान टस्कलूसाच्या युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामात शिकलेलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला आम्हा दोघांना बोलावणं आहे. गुरुवारी जेवण, शुक्रवारी घरगुती साखरपुडा आणि शनिवारी ऑबर्न विरुद्ध अलाबामा फुटबॉलचा सामना, तोही त्यांच्याच गावात. आमची तिकिटंसुद्धा काढून ठेवलीत.

परवा व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंनी हसत विचारलं, "मग तुम्ही ऑबर्नच्या की अलाबामाच्या?" मी आपली समजूतदारपणे म्हणाले, आम्हाला दोन्ही सारखीच. तिकडे एकदम शांतता. मग आजोबा ठसका लागेपर्यंत हसले आणि विहीणबाई म्हणाल्या, "ओह, ब्लेस युवर हार्ट." मला वाटलं आशीर्वाद दिला. लेकीनं कपाळाला हात लावला.

दुसरं म्हणजे साडी. साखरपुड्यासाठी मी किरमिजी पैठणी घेऊन ठेवलीय आणि सामन्यालाही तीच नेसायचा विचार होता. लेक ओरडलीच. "आई, तो त्यांचा रंग आहे! माझ्या लॅबमध्ये फोटो गेला तर मला वर्षभर जगू देणार नाहीत." होणारे जावई मात्र म्हणतात, तीच नेसा, अगदी शोभून दिसेल. आता मला त्यांचाही संशय यायला लागलाय.

खरंच एवढं असतं का? आपण पाहुणे, तटस्थ राहिलेलं बरं ना? आणि आमचे हे विचारतात की मेस्सी खेळतो तोच का हा फुटबॉल. कृपया कुणीतरी त्यांना समजवा, मी थकले.

---

टस्कलूसात_तिसरं_वर्ष

काकू, रोल टाइड!

ही अलाबामावाल्यांची आरोळी. तिचा अर्थ नमस्कार, धन्यवाद, अभिनंदन, "जाऊ दे हो", काहीही होतो. गेल्या महिन्यात माझी गाडी पार्किंगमध्ये बंद पडली. एका आजोबांनी वायरी जोडून चालू करून दिली. पैसे देऊ केले तर "रोल टाइड" म्हणाले आणि गेले.

काकांसाठी: मेस्सीचा नाही. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. चारांत दहा यार्ड झाले तर पुन्हा चार, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. एवढ्यावर निम्मा सामना कळतो. उरलेला निम्मा मला तिसऱ्या वर्षीही कळत नाही, शेजारचे उठले की मी उठतो.

स्टेडियममध्ये लाखावर माणूस असतं. पर्स नेऊ नका, आत फक्त पारदर्शक पिशवी चालते. चिवड्याचा पुडा दारावरच राहतो (अनुभव).

आणि एक मजा. या सामन्यात जे विद्यापीठ हरतं, त्याच्या विद्यार्थी अध्यक्षाला पुढे बास्केटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात, जिंकलेल्यांच्या कोर्टवर उभं राहून, जिंकलेल्यांचं गाणं म्हणावं लागतं. अख्खं सभागृह ते ऐकायला कान देऊन बसलेलं असतं. फॉय ट्रॉफी म्हणतात. आपल्याकडच्या एखाद्या जीएसला सांगून बघा!

---

पिवळी_गांधीलमाशी

अलाबामावाल्यांना वाटतं स्पर्धा फक्त त्यांच्यातच असते. आम्ही जॉर्जिया टेकवाले. युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाशी आमचं वैर 1893 पासूनचं, आणि त्याचं रूढ नावच आहे "क्लीन, ओल्ड-फॅशन्ड हेट". स्वच्छ, जुन्या वळणाचा द्वेष. कोकणातल्या सख्ख्या चुलतभावांना हे नाव फुकट वापरायला द्यावं असं मला नेहमी वाटतं.

शिवाय आमच्याकडे जॉर्ज पी. बर्डेल आहे. 1927 मध्ये एका पोराला चुकून प्रवेशाचे दोन फॉर्म आले. दुसऱ्यावर त्यानं हे बनावट नाव टाकलं, मग त्या नावानं वर्गात नोंदणी केली, गृहपाठ दिले, परीक्षा दोनदा लिहिली, आणि बर्डेलला पदवी मिळवून दिली. माणूस कधी जन्मलाच नाही, पण आमचा सगळ्यात प्रसिद्ध माजी विद्यार्थी तोच. आजही अटलांटाच्या विमानतळावर त्याच्या नावाचा पुकारा झाला की समजायचं, आपला कुणीतरी आलाय.

साडीबद्दल काही कल्पना नाही. आमचा रंग सोनेरी, तो कुठल्याही पैठणीत असतोच.

---

माळावरचा

गांधीलमाशी, तुझा वेगळा धागा काढ बाबा.

ताई, तटस्थ राहू नका. बाकी काय वाट्टेल ते करा.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आई मंगळवार पेठेतली. ज्यांना कोल्हापूर माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांतून खेळतात, तोही मेस्सीचाच. संघांना तालमींची, मंडळांची नावं. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम समोरासमोर आले की आमच्या घरात दोन चुली. आई त्या दिवशी भल्या पहाटे स्वयंपाक उरकायची आणि संध्याकाळपर्यंत वडिलांशी अवाक्षर बोलायची नाही. पाटाकडील हरली तरी मामा रात्री जेवायला यायचाच. मटण ठरलेलं. वडील वाढायला उठायचे आणि अगदी मायेनं विचारायचे, "पांढरा घालू का? का आज तोंड आधीच पांढरं हाय?" मामा खाली मान घालून भुरके मारायचा. पुढच्या वेळी तो आमच्या वडिलांना जेवायला बोलवायचा आणि हिशेब चुकता करायचा. पण कुणी म्हटलं की मला दोन्ही संघ सारखेच, तर त्याला रस्सा मिळायचा, थट्टा मिळायची नाही. म्हणजे तो परकाच.

टस्कलूसाच्या आजोबांना हसू आलं ते यामुळे. आणि "ब्लेस युवर हार्ट" म्हणजे आशीर्वाद नव्हे ताई. आपल्याकडं "असू दे हो, बिचारीला काय कळतंय" म्हणतात, तसं आहे ते. साखरेत घोळवून देतात इकडं सगळं.

मी 1988 च्या ऑगस्टमध्ये ऑबर्नला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या एमएससाठी आलो. त्याआधी दोन वर्षं इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात काढलेली, त्यामुळे हे गाव एवढं शांत वाटलं की मला झोप येईना. वस्ती 33,000 च्या आसपास, आणि स्टेडियम 85,000 माणसांचं. मला वाटलं बांधणाऱ्यानं शून्य चुकवलं. पहिल्याच आठवड्यात रस्त्यात एक बाई "वॉर ईगल!" म्हणून ओरडली. मी गरुड कुठं दिसतोय म्हणून वर बघितलं. ती अजून हसत असेल. संघाचं नाव टायगर्स, वाघाचा मुखवटा घातलेला ऑबी नावाचा गडी, आणि आरोळी मात्र गरुडाची. का, तर यादवी युद्धातल्या कुण्या शिपायानं पाळलेला गरुड म्हणे 1892 च्या सामन्यात मैदानावर घिरट्या घालून मेला. दंतकथाच ती, खरी-खोटी कुणी तपासत बसत नाही. आपण तरी कुठं तपासतो? पण सामन्याआधी खराखुरा गरुड स्टेडियमभर फिरवतात, तो मैदानाच्या मधोमध उतरला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मी रमलो मात्र वेगळ्याच गोष्टीमुळं. सप्टेंबरात एका रविवारी हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली एक म्हातारा मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटवत होता. वास ओळखीचा. जाऊन बघतो तर उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात, टरफलासकट. मी तिथंच उभ्यानं पाव किलो संपवल्या. म्हातारा म्हणाला, "कुठून आलास?" मी म्हटलं, "शेंगा उकडून खातात अशा गावाहून." त्यानं आणखी एक ओंजळ टाकली आणि पहिला प्रश्न काय विचारला? ऑबर्न का अलाबामा. तो दोन्हींतल्या कुठल्याच कॉलेजात गेलेला नव्हता. इथं ते लागत नाही. न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला बाजू असते, पोर जन्माला आलं की दवाखान्यातच टोपडं कुठल्या रंगाचं यावरून दोन आज्यांत जुंपते.

भांडणाचं मूळ ऐकाल तर तुम्हाला आपल्या गावचीच भाऊबंदकी वाटंल. पहिला सामना 22 फेब्रुवारी 1893 ला बर्मिंगहॅममध्ये, ऑबर्ननं जिंकला, 32–22. 1907 ला 6–6 अशी बरोबरी झाली. आणि पुढच्या सामन्याच्या बोलणीत खेळाडूंना रोजचा भत्ता किती, खेळाडू किती आणायचे, पंच कुठला, यावरून फिसकटलं. भत्त्याचा फरक म्हणे सगळा मिळून 34 डॉलरचा होता. त्यावरून 41 वर्षं सामनाच नाही! पुढं राज्याच्या विधिमंडळाला मध्ये पडावं लागलं, आणि 1948 ला दोन्हीकडच्या विद्यार्थी अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा करून खरोखरीची कुऱ्हाड पुरली आणि मग खेळले. बांधावरून बंद झालेलं बोलणं सरपंचानं चालू करून द्यावं, तसं. फक्त आपल्याकडं कुऱ्हाड पुरत नाहीत, परड्यात लपवतात.

तेव्हापासून सामना बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवरच व्हायचा. ते पोलादाचं शहर, म्हणून नाव आयर्न बोल. कागदावर ती तटस्थ जागा, पण टस्कलूसा तिथून तासाभरावर, आणि ऑबर्नवाले म्हणायचे की तिथला प्रत्येक दगड किरमिजी. अलाबामाचा संघ आमच्या गावात यायलाच तयार नव्हता. आलेच ते शेवटी 2 डिसेंबर 1989 ला. आणि मी तिथं होतो.

माझी घरमालकीण सत्तरीची आजी. मी तिच्या तळघरातल्या खोलीत राहायचो, भाड्याबरोबर तिचं गवतही कापायचो. तिनं सामन्याचं तिकीट काढलं नव्हतं. पहाटे सहाला घडीची खुर्ची, थर्मास आणि गुडघ्यांवर घ्यायला गोधडी घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. कडाक्याची थंडी. मी विचारलं, आजी, इथं काय दिसणार? म्हणाली, "मला सामना बघायचा नाही रे. त्यांची बस आपल्या गावात शिरताना बघायचीय." चाळीस वर्षं तिला हेच ऐकवलेलं होतं, आम्ही त्या गाईगुरांच्या कॉलेजात पाऊल टाकणार नाही म्हणून. (ऑबर्न पूर्वी शेतकी कॉलेज होतं. टस्कलूसावाले अजून हंबरून दाखवतात.) बस आली. आजीनं ती वळेपर्यंत बघितली. हात नाही केला, ओरडली नाही. "आले," एवढंच म्हणाली, खुर्ची मिटली, आणि घरी जाऊन पेकन पाय नावाचा गोड पदार्थ करायला घेतला. सामना तिनं रेडिओवर ऐकला. तिच्यापुरता तो आधीच जिंकलेला होता.

आम्ही आत ओरडून घसा बसवला. अलाबामा त्या वर्षी एकही सामना न हरता आलेलं, देशात दुसऱ्या क्रमांकावर. हरलं, 30–20. आदल्याच महिन्यात बर्लिनची भिंत पडलेली होती आणि आमच्याकडं लोक खुशाल दोन्ही घटना एका दमात सांगायचे. रात्री गावातल्या टूमर्स कॉर्नर नावाच्या चौकातल्या ओकांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकल्या. जिंकलं की फेकायच्याच, झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी होतात. इतर देशी पोरांना उधळपट्टी वाटली. मला नाही. त्या कागदाचा आपल्याला एरवी उपयोग तरी काय?

मग 1991 ला बर्मिंगहॅममध्ये एका गणपतीच्या जेवणात एक सोलापूरची मुलगी भेटली. शेंगाचटणी करून आणलेली. मी तिसऱ्यांदा वाढून घेतली आणि मग कळलं, ती टस्कलूसाला एमएस करतेय. आईला पत्रातून कळवलं की मुलगी चांगली आहे, पण त्या दुसऱ्या पेठेतली आहे. आईचं उत्तर आलं, "मग माझ्यासारखीच आहे. लवकर उरका." तेव्हापासून आमच्या दारावर अर्धा नारिंगी-निळा, अर्धा किरमिजी असा झेंडा. इथं तसे शिवून तयार मिळतात, इतकी असली घरं आहेत. पोरीनं आईचं कॉलेज निवडलं. चार वर्षं फीचे चेक मी लिहिले. 34 डॉलरच्या भत्त्यावरून ज्यांनी 41 वर्षं तोंड बघितलं नाही त्यांना मी आयुष्याची कमाई दिली, आणि पावतीसुद्धा किरमिजी कागदावर आली.

द्वेषाचंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फारच गोड वाटंल. 2010 च्या सामन्यात आम्ही 24–0 असे मागं पडून 28–27 नं जिंकलो. त्याचा राग धरून अलाबामाच्या एका चाहत्यानं टूमर्सच्या ओकांना तणनाशक घातलं, आणि जानेवारी 2011 ला रेडिओवर फोन करून स्वतःच सांगितलं. पुढं तो तुरुंगात गेला. झाडं वाचली नाहीत, 2013 ला तोडावी लागली. ती बातमी आली त्या आठवड्यात मी घरात जेवलो नाही. बायकोशी भांडण नव्हतं. तिनंच कधी नव्हे ते झेंडा उतरवून आत ठेवला होता. आणि किरमिजी लोकांनीच "टाइड फॉर टूमर्स" म्हणून त्या झाडांसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली.

तीन महिनेही झाले नव्हते, 27 एप्रिलला टस्कलूसावरून टॉर्नेडो गेला. मॅकफारलंड आणि पंधराव्या रस्त्याचा चौक ओळखू येईना, अल्बर्टाकडची वस्ती सपाट. साठावर माणसं गेली. ऑबर्नवाल्यांनी "टूमर्स फॉर टस्कलूसा" नावानं मदत उभी केली, आणि त्या शनिवारी मी पिकअपमध्ये पाण्याच्या बाटल्या, ताडपत्र्या, लंगोटांचे पुडे भरून गेलो. डोक्यावर नेहमीची नारिंगी टोपी, काढायची राहून गेलेली. एका घराच्या, म्हणजे जिथं घर होतं त्या चौथऱ्यावर, किरमिजी टोपीवाला गडी उभा होता. ताडपत्री घेतली. माझ्या टोपीकडं बघितलं. आणि म्हणाला, "वॉर ईगल." त्याच्या तोंडून ते कसं निघालं असंल ते मला माहीत आहे. मी काय म्हणणार? "रोल टाइड" म्हणालो. आयुष्यात एकदाच.

तर साडी. शुक्रवारी साखरपुड्याला किरमिजी नेसा, विहीणबाई खूश होतील. शनिवारी मात्र नारिंगी, निळ्या काठाची. तुम्ही मुलीच्या आई आहात. तिच्या रंगात, त्यांच्या अंगणात, ताठ मानेनं जा. दिवसभर छळतील, हंबरतील, ताटात बरगड्या वाढताना टोमणे मारतील. मारू द्या. तुम्हीही मारा.

---

पुरुषोत्तम_पंच्याण्णव

वा माळावरचे! मी आयुष्यात अमेरिकेला गेलो नाही, पण भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमच्या निकालाला समोरच्या कॉलेजच्या नावानं घसा फोडलाय. "अरे आव्वाज कुणाचा" ला कुठल्या देशात भाषांतर लागत नाही. ज्यांच्या नावानं बोंबललो त्यांच्यातलाच एक पुढे माझा पार्टनर झाला. करंडक त्यांना मिळाला होता हे तो दर दिवाळीला सांगतो.

---

येवल्याची_मावशी

माळावरचे भाऊ, त्या आजींच्या खुर्चीचं वाचून मी हातातलं काम ठेवलं. आणि ब्लेस युवर हार्टचा अर्थ कळला ते बरं झालं, आता मी पण वापरणार.

एक शंका. जाताना हातात काय न्यावं? चिवडा, बाकरवडी आहेच. पण त्या दिवशी काही द्यायची-घ्यायची रीत असते का?

---

टस्कलूसात_तिसरं_वर्ष

काकू, डबाबंद खाऊ न्या! सामन्याआधीचे काही आठवडे दोन्ही कॅम्पसवर धान्य गोळा करायची चुरस असते. ऑबर्नच्या मोहिमेचं नाव "बीट बामा फूड ड्राइव्ह", आमच्याकडे "बीट ऑबर्न बीट हंगर". 1994 पासून चालू आहे. ज्यांनी गोळा केलेल्याचं वजन जास्त ते जिंकले, आणि सगळं आपापल्या भागातल्या अन्नपेढीला जातं. सामन्यापर्यंत मोजणी संपलेली असते, त्यामुळे मुलीला आत्ताच तुमच्या नावानं छोल्यांचे डबे टाकायला सांगा. मी दर वर्षी राजमा टाकतो. आमच्या वजनात भारतीय पोरांच्या राजम्याचा वाटा मोठा असावा असा माझा अंदाज.

---

किरमिजी

मी ती सोलापूरची.

ताई, नवरोबांचं लेखन सुंदर असतं, फक्त त्यात काही आकडे पडत नाहीत. मी भरून देते.

कुऱ्हाड पुरून 1948 ला जो सामना झाला त्याचा निकाल त्यांनी लिहिला नाही. 55–0. कुणी जिंकला ते तुम्ही ओळखा. 1992 ला 17–0, त्या वर्षी आम्ही देशातही पहिले आलो. आमचा तेव्हा नुकताच साखरपुडा झाला होता आणि हे गृहस्थ दोन दिवस फोन उचलत नव्हते. 2013 चं त्यांनी लिहिलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं, कारण ते घरात रोज होतं. शेवटचा एक सेकंद, आमची 57 यार्डांवरून मारलेली किक अपुरी पडली, त्यांच्या पोरानं चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पळत पार केलं. 34–28. मी त्या रात्री भांडी घासत बसले, स्वच्छ असलेलीसुद्धा. पण मग 2023 सुद्धा सांगा की! त्यांच्याच मैदानावर, आम्ही मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, जायचं होतं 31 यार्ड. वरच्या मुलानं नियम सांगितलाय, दहासाठी चार प्रयत्न असतात. आम्हाला एकात एकतीस हवे होते. घेतले. 27–24. हे सोफ्यावरून उठून सरळ बागेत गेले आणि अंधारात पानं गोळा करायला लागले. एकूण हिशेबात कोण पुढे आहे ते मी लिहीत नाही, घरात राहायचंय.

हंबरण्याबद्दल: मी कधी हंबरले नाही. दारावरची बेल मात्र बदलून आणली होती, ती गाईच्या आवाजात वाजते. ते वेगळं.

ओकांच्या वेळचं त्यांनी खरं लिहिलंय. मला फार लाज वाटली होती, मी काहीच केलेलं नसताना. आपल्या रंगाचा माणूस असं वागला की वाटते. ते जेवले नाहीत तेव्हा मी पिठलं केलं होतं, ते तसंच राहिलं.

आणि ते "आयुष्यात एकदाच" खोटं आहे. लेकीच्या पदवीदानाला नाव पुकारलं तेव्हा हे खुर्चीवर उभे राहून दोन्ही हात वर करून "रोल टाइड" ओरडले होते. माझ्याकडे व्हिडिओ आहे. सतरा सेकंदांचा.

साडीचं त्यांनी बरोबर सांगितलंय, मला पटत नसलं तरी. विहीणबाईंना मी ओळखत नाही, पण टस्कलूसाची बाई ओळखते. नारिंगी साडी बघितली की ती आधी ओरडेल, मग तुमचा हात धरून सामन्याआधीच्या जेवणावळीच्या सगळ्या तंबूंतून फिरवेल आणि प्रत्येकाला सांगेल, ही बघा आमची ऑबर्नची विहीण.

पायात बूट घाला. कॅम्पसमधल्या क्वॉड मैदानावर गवत ओलं असतं.

---

माळावरचा

व्हिडिओत आवाज नीट येत नाही. मी दुसरं काहीतरी म्हणत असणार.

---

येवल्याची_मावशी

सगळ्यांचे आभार. दुकानात जाऊन आले. म्हटलं नारिंगी पैठणी, निळे काठ. दुकानदार म्हणाला, मावशी, मागच्या वेळी किरमिजी नेली, लग्न नक्की कुणाचं? त्याला आयर्न बोल समजावून सांगितला. त्यानं चहा मागवला आणि विचारलं, मग आपण कुणाकडून? म्हटलं, ऑबर्न. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाले, बरं वाटलं. लेकीला फोटो पाठवला तर नुसते गरुडच गरुड आले.

आता नवीन भानगड. आमच्या ह्यांनी रात्री बसून सगळा धागा वाचला, मग मोबाइलवर काय काय बघितलं, आणि सकाळी जाहीर केलं की ते अलाबामाकडून. का, तर त्यांच्याकडे हत्ती आहे. गणपतीच्या विरुद्ध कसं ओरडायचं, म्हणतात. किरमिजी झब्बा शिवायला टाकून आलेत. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी रंगाबद्दल मत दिलं नव्हतं.

---

किरमिजी

भाऊजींना माझा रोल टाइड सांगा. आणि विमानात दोघांच्या सीट वेगवेगळ्या करून घ्या.